हाय-शेल्फ इक्वलायझर

हाय-शेल्फ इक्वलायझर हा ध्वनिसंस्करणातील फिल्टरचा एक प्रकार आहे. एका ठरावीक वारंवारतेच्या वर असलेल्या सर्व वारंवारतांची पातळी जवळपास सारख्या प्रमाणात वाढवणे किंवा घटवणे हे त्याचे कार्य होय. त्या वारंवारतेच्या बऱ्याच खाली असलेला ध्वनी तो जसाच्या तसा जाऊ देतो. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर यांवरील 'ट्रेबल'चा नॉब हे या फिल्टरचे घरोघरी पोहोचलेले रूप आहे. संगणकावर ध्वनिमिश्रण करताना वापरल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक इक्वलायझर प्लगइनमध्ये सर्वांत वरचा पट्टा हाय-शेल्फ म्हणून वापरता येतो.

प्लगइनच्या पडद्यावर या फिल्टरचे वर्णन सहसा दोन आकड्यांत केलेले असते, उदाहरणार्थ '८ किलोहर्ट्झ, अधिक ६ डेसिबल'. हे दोन आकडे वक्राचे पूर्ण वर्णन करत नाहीत. कोपरा-वारंवारतेची व्याख्या, चढाचा तीव्रपणा आणि संगणकीय अंमलबजावणीची पद्धत या तीन गोष्टी प्लगइनगणिक बदलतात. त्यामुळे एका प्लगइनमधील आकडे दुसऱ्यात तसेच्या तसे भरले तरी ऐकू येणारा परिणाम वेगळा असू शकतो.

नाव आणि आकार

इंग्रजीत 'शेल्फ' म्हणजे भिंतीतील फळी. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर डेसिबलमधील वाढ-घट मांडली की या फिल्टरचा आलेख डावीकडे सपाट राहतो, मध्ये चढतो किंवा उतरतो आणि उजवीकडे नव्या पातळीवर पुन्हा सपाट होतो. उजवीकडचा हा सपाट भाग फळीसारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. खालच्या वारंवारतांवर हेच काम करणाऱ्या फिल्टरला लो-शेल्फ म्हणतात.

दोन जवळच्या प्रकारांपासून हाय-शेल्फ वेगळा ओळखावा लागतो. घंटाकृती फिल्टर एका मध्यवर्ती वारंवारतेभोवतीचा पट्टा उचलतो आणि दोन्ही बाजूंना पुन्हा शून्यावर येतो. लो-पास फिल्टर ठरावीक मर्यादेवरील ध्वनी उत्तरोत्तर अधिक प्रमाणात कापत जातो आणि कोठेच थांबत नाही. शेल्फची घट मात्र ठरलेल्या पातळीवर थांबते. उणे ६ डेसिबलचा हाय-शेल्फ तारस्वरांचा दाब निम्म्यावर आणतो, पण त्यांना नाहीसे करत नाही. आवाज बोथट न करता त्याची धार कमी करायची असेल तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मानवी श्रवणाची मर्यादा साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ मानली जाते. वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक ओलांडले जाते, म्हणून ही मर्यादा सुमारे दहा सप्तकांची आहे. त्यांतील ५ ते २० किलोहर्ट्झ हा भाग केवळ दोन सप्तकांचा आहे. हाय-शेल्फचा नॉब बहुधा याच दोन सप्तकांत फिरवला जातो. पुढे दिसेल त्याप्रमाणे एवढ्या जागेत वक्राला पूर्णपणे सपाट होण्याइतका वाव अनेकदा मिळतच नाही.

पूर्वपीठिका

इक्वलायझर प्लगइनमधील अनेक शेल्फ-वक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर बनलेल्या विद्युतमंडलांचे अनुकरण करतात. अमेरिकेतील पल्स टेक्निक्स या कंपनीचा पल्टेक ईक्यूपी-१ हा इक्वलायझर १९५१ मध्ये आला. यूजीन शेंक आणि ऑली समरलिन हे त्याचे निर्माते होत. त्याच्या पुढील आवृत्तीत, म्हणजे ईक्यूपी-१एमध्ये, तारस्वर वाढवण्याचा भाग घंटाकृती असून घटवण्याचा भाग शेल्फ स्वरूपाचा आहे. घटीसाठी ५, १० आणि २० किलोहर्ट्झ असे तीन पर्याय दिलेले असतात. दोन्ही नॉब एकाच वेळी फिरवले की दोन वक्रांची बेरीज होऊन तिसराच आकार तयार होतो. या उपकरणाच्या लोकप्रियतेचे ते एक कारण आहे.

ब्रिटिश अभियंता पीटर बॅक्सँडल यांनी ऑक्टोबर १९५२ च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात ऋण प्रतिभरणावर आधारित टोन-नियंत्रणाचे मंडल प्रसिद्ध केले. नॉब मध्यावर असताना सपाट प्रतिसाद आणि दोन्ही दिशांना सौम्य, सममित वक्र हे या मंडलाचे वैशिष्ट्य होते. घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये ते इतके रूढ झाले की 'बॅक्सँडल वक्र' हा शब्दप्रयोग आज सौम्य चढाच्या शेल्फसाठी सर्रास वापरला जातो. मूळ मंडलाशी संबंध नसलेल्या प्लगइनलाही हे विशेषण लावले जाते. १९७० मध्ये आलेल्या नीव्ह १०७३ या प्रसिद्ध विभागात हाय-शेल्फसाठी १२ किलोहर्ट्झ असा एकच स्थिर आकडा होता आणि वापरणाऱ्याच्या हाती फक्त वाढ-घटीचा नॉब होता.

मिश्रणाच्या बाहेरही हा वक्र आढळतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकात 'पूर्वबलन' हा ऐच्छिक प्रकार आहे. त्यात ध्वनिमुद्रण करताना तारस्वर वाढवले जातात आणि वाजवताना तेवढेच घटवले जातात, त्यामुळे मधल्या टप्प्यावर मिसळणारी खरखर कमी होते. त्यासाठी ठरवलेले ५० व १५ मायक्रोसेकंदांचे काल-स्थिरांक म्हणजे पहिल्या श्रेणीचा एक हाय-शेल्फच आहे. त्याचा चढ सुमारे ३.१८ किलोहर्ट्झला सुरू होतो, सुमारे १०.६ किलोहर्ट्झला मावळतो आणि एकूण वाढ जवळजवळ १०.५ डेसिबल होते. अशी डिस्क संगणकावर उतरवून घेताना उलटा शेल्फ लावायचा राहिला, तर गाणे विनाकारण कर्कश ऐकू येते.

वक्राचा आकार

सर्वांत साधा हाय-शेल्फ पहिल्या श्रेणीचा असतो. त्याच्या गणिती सूत्रात एक शून्यबिंदू आणि एक ध्रुव असतो. आलेख शून्यबिंदूच्या आसपास चढू लागतो आणि ध्रुवाच्या आसपास सपाट होऊ लागतो. दोहोंच्या वारंवारतांचे गुणोत्तर एकूण वाढीइतके असते. ६ डेसिबल म्हणजे दाबाच्या दृष्टीने दुप्पट वाढ. तेव्हा मध्यबिंदू ८ किलोहर्ट्झ ठेवला, तर शून्यबिंदू सुमारे ५.६६ किलोहर्ट्झवर आणि ध्रुव सुमारे ११.३ किलोहर्ट्झवर येतो.

दुसऱ्या श्रेणीच्या शेल्फमध्ये प्रत्येकी दोन शून्यबिंदू आणि दोन ध्रुव असतात आणि चढ अधिक उभा होतो. ८ किलोहर्ट्झ आणि अधिक ६ डेसिबल या एकाच मांडणीसाठी दोन्ही श्रेणींची वाढ पुढीलप्रमाणे येते. येथे दुसऱ्या श्रेणीचा वक्र उसळी न घेणारा, पण त्या अटीत शक्य तितका उभा धरला आहे.

| वारंवारता | पहिली श्रेणी | दुसरी श्रेणी |
|---|---|---|
| २ किलोहर्ट्झ | ०.३८ डेसिबल | ०.०३ डेसिबल |
| ४ किलोहर्ट्झ | १.२५ डेसिबल | ०.३८ डेसिबल |
| ८ किलोहर्ट्झ | ३.०१ डेसिबल | ३.०१ डेसिबल |
| १६ किलोहर्ट्झ | ४.७७ डेसिबल | ५.६४ डेसिबल |
| २० किलोहर्ट्झ | ५.१५ डेसिबल | ५.८६ डेसिबल |

या कोष्टकावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, नॉबवर ६ डेसिबल लिहिलेले असूनही पहिल्या श्रेणीचा वक्र श्रवणमर्यादेच्या टोकापर्यंत ६ डेसिबलला पोहोचत नाही. फळीचा सपाट भाग ऐकू येण्याच्या पलीकडे सुरू होतो आणि कानावर पडतो तो केवळ चढ. दुसरी अशी की, ८ किलोहर्ट्झवर लावलेला शेल्फ ४ किलोहर्ट्झवरही सव्वा डेसिबल वाढ करतो. कोपरा म्हणजे कुंपण नव्हे. शब्दांची सुस्पष्टता मुख्यतः २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्यामुळे केवळ 'चमक' वाढवण्यासाठी लावलेला सौम्य शेल्फ गायकाचा आवाजही थोडा पुढे आणून ठेवतो. हे कधी हवे असते, कधी नको असते. पण ते होते आहे याची जाणीव असणे आवश्यक आहे.

प्लगइनमध्ये चढाचा तीव्रपणा अनेकदा 'प्रतिसप्तक ६ डेसिबल' किंवा 'प्रतिसप्तक १२ डेसिबल' अशा शब्दांत दाखवतात. हे आकडे लो-पास व हाय-पास फिल्टरच्या परिभाषेतून आले असून शेल्फच्या बाबतीत ते केवळ श्रेणी सुचवतात. वरील उदाहरणात पहिल्या श्रेणीच्या वक्राचा सर्वाधिक चढ प्रतिसप्तक सुमारे २ डेसिबल आणि दुसऱ्या श्रेणीचा सुमारे ४ डेसिबल आहे. एकूण वाढ वाढवली की चढही वाढतो. पहिल्या श्रेणीत १२ डेसिबलच्या शेल्फसाठी तो सुमारे ३.६ डेसिबल होतो. परंतु वाढ कितीही केली तरी ६ डेसिबलचा आकडा गाठला जात नाही.

कोपरा-वारंवारतेची व्याख्या

लो-पास फिल्टरची कोपरा-वारंवारता म्हणजे ज्या ठिकाणी पातळी ३ डेसिबलने घटते ती वारंवारता, याबाबत सार्वत्रिक एकमत आहे. शेल्फच्या बाबतीत तसे एकमत नाही. तीन संकेत प्रचलित आहेत. पहिल्यात जेथे वक्र शून्यापासून ३ डेसिबल दूर जातो ती वारंवारता सांगितली जाते. दुसऱ्यात जेथे एकूण वाढीच्या निम्मी वाढ होते तो मध्यबिंदू सांगितला जातो. तिसऱ्यात जेथे वक्र अंतिम पातळीपासून ३ डेसिबल अलीकडे असतो ते ठिकाण सांगितले जाते.

वाढ ६ डेसिबल असेल तर हे तिन्ही बिंदू एकाच जागी येतात आणि मतभेद दिसत नाही. वाढ १२ डेसिबल केली की तो उघड होतो. पहिल्या श्रेणीचा, ८ किलोहर्ट्झ मध्यबिंदू असलेला १२ डेसिबलचा शेल्फ घेतला, तर तो ३ डेसिबलची वाढ सुमारे ४.३ किलोहर्ट्झवरच गाठतो आणि अंतिम पातळीपासून ३ डेसिबल अंतरावर सुमारे १५ किलोहर्ट्झला येतो. म्हणजे हुबेहूब तोच वक्र एका प्लगइनमध्ये '४.३', दुसऱ्यात '८' आणि तिसऱ्यात '१५' या आकड्याने दाखवला जाऊ शकतो. तिन्ही प्लगइन खरे बोलत असतात.

डिजिटल इक्वलायझरमध्ये मध्यबिंदूचा संकेत बराच रूढ आहे. त्याचे एक कारण म्हणजे रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी संकलित केलेली द्विघाती फिल्टरांची सूत्रपोथी. ती अनेक आज्ञावलींचा आधार ठरली आहे. तिच्यातील शेल्फ-सूत्रानुसार दिलेल्या वारंवारतेवर नेमकी निम्मी डेसिबल वाढ होते. ब्राउझरमध्ये ध्वनिसंस्करण करण्यासाठीच्या वेब ऑडिओ या मानकातही हाय-शेल्फसाठी याच घराण्याचे सूत्र आहे. तेथे शब्दांत मात्र ही वारंवारता 'ज्यांच्यावर वाढ लागू होते त्या वारंवारतांची खालची मर्यादा' अशी वर्णिलेली आहे. सूत्र आणि वर्णन शेजारी ठेवून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मर्यादेच्या खालीही बरीच वाढ शिल्लक असल्याचे आढळते. या मानकातील हाय-शेल्फला चढ बदलण्याचा पर्याय नाही.

जुन्या उपकरणांच्या अनुकरणात आणखी एक गुंतागुंत असते. काही मंडलांत नॉब फिरवला की वाढीबरोबर शून्यबिंदू किंवा ध्रुव यांपैकी एकच सरकतो आणि दुसरा स्थिर राहतो. अशा वेळी वाढ बदलली की मध्यबिंदूही सरकतो. वापरणाऱ्याला वाटते की आपण फक्त प्रमाण बदलले, पण फळीची जागाही बदललेली असते.

उसळी घेणारा शेल्फ

दुसऱ्या किंवा त्याहून वरच्या श्रेणीच्या शेल्फमध्ये तीव्रता-गुणांक एका मर्यादेपलीकडे वाढवला, तर वक्र सरळ चढत नाही. वाढीच्या शेल्फमध्ये तो कोपऱ्याच्या खाली आधी शून्याखाली बुडतो, मग चढतो, अंतिम पातळी ओलांडून वर जातो आणि नंतर तिच्यावर स्थिरावतो. सूत्रपोथीतील शेल्फसाठी ही मर्यादा ०.७०७ या गुणांकापाशी येते. त्याच्या आत वक्र एकदिश राहतो. घटीच्या शेल्फमध्ये हेच चित्र उलटे दिसते.

हा दोष नसून अनेकदा हेतुपुरस्सर घडवलेला गुण असतो. सॉलिड स्टेट लॉजिकच्या जी मालिकेतील इक्वलायझरच्या शेल्फमध्ये चढ ई मालिकेपेक्षा उभा असून त्यात अशी बुडी आणि उसळी आहे. त्यांची अनुकरणे करणाऱ्या प्लगइनमध्ये दोन मालिकांमध्ये निवड करण्याचे बटण दिलेले असते. कोपऱ्याच्या खालची बुडी ३ ते ५ किलोहर्ट्झचा बोचरा भाग किंचित मागे सारते आणि त्याच वेळी वरचा भाग उचलला जातो. त्यामुळे मोठी वाढ करूनही आवाज टोचत नाही. आकडे सारखे असूनही एका इक्वलायझरला 'रेशमी' आणि दुसऱ्याला 'कर्कश' म्हटले जाते, त्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा या बुडीत सापडते. गूढ गुणांची गरज पडत नाही.

वाढ आणि घट यांचे नाते

सममित रचनेच्या इक्वलायझरमध्ये अधिक ६ डेसिबलचा आणि उणे ६ डेसिबलचा शेल्फ एकापाठोपाठ लावल्यास ते एकमेकांना पूर्णपणे रद्द करतात, पातळीच्या बाबतीतही आणि कलेच्या बाबतीतही. असममित रचनेत तसे होत नाही आणि मध्ये एखादा उंचवटा शिल्लक राहतो. मिश्रकाराने वाढवलेले तारस्वर नंतरच्या टप्प्यावर दुसऱ्या इक्वलायझरने काढून घेण्याचा प्रयत्न बहुधा याच कारणाने अर्धवट यशस्वी होतो.

याहून कमी लक्षात घेतले जाणारे नाते हाय-शेल्फ आणि लो-शेल्फ यांच्यातील आहे. एकाच मध्यबिंदूवर उणे ६ डेसिबलचा हाय-शेल्फ लावणे आणि अधिक ६ डेसिबलचा लो-शेल्फ लावून संपूर्ण ध्वनी ६ डेसिबलने खाली आणणे या दोन्ही कृतींचा निकाल गणिताने तोच येतो. 'खर्ज वाढवावा की तारस्वर घटवावा' हा वाद म्हणून ध्वनीच्या रंगाचा नसून एकूण पातळीचा असतो.

कला-विस्थापन

इक्वलायझर निरनिराळ्या वारंवारतांची पातळी बदलतो, तसा त्यांच्यातील काळाचा मेळही किंचित हलवतो. या बदलास कला-विस्थापन म्हणतात. बहुतेक शेल्फ न्यूनतम-कला प्रकारचे असतात. त्यांचे कला-विस्थापन पातळीच्या वक्रावरूनच निश्चित होते आणि त्याला वेगळे टाळता येत नाही. वर घेतलेल्या पहिल्या श्रेणीच्या ६ डेसिबल शेल्फमध्ये ते मध्यबिंदूवर सर्वाधिक, म्हणजे सुमारे १९.५ अंश, असते आणि दोन्ही बाजूंना कमी होत जाते. एकाच ध्वनिपथावर एवढे विस्थापन सहसा ऐकू येत नाही.

एकाच वाद्याचे दोन मायक्रोफोनने मुद्रण केले असेल आणि त्यांतील एकाच पथावर शेल्फ लावला, तर मात्र दोन पथांची बेरीज बदलते आणि कोपऱ्याजवळ अनपेक्षित घट किंवा वाढ दिसू शकते. मूळ आणि संस्कारित ध्वनी समांतर मिसळतानाही हेच घडते. अशा वेळी रेषीय-कला पद्धतीचे इक्वलायझर उपयोगी पडतात, कारण ते सर्व वारंवारतांना सारखाच विलंब देतात. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एकूण विलंब वाढतो, आणि तबल्याच्या चाटीवरील आघातासारख्या तीक्ष्ण ध्वनीच्या आधी त्याची पुसट पूर्वछाया उमटू शकते. सौम्य शेल्फमध्ये ही छाया नगण्य असते आणि उभ्या शेल्फमध्ये जाणवते. थेट कार्यक्रमात किंवा ध्वनिमुद्रण चालू असताना विलंबामुळेच ही पद्धत वापरली जात नाही.

संगणकीय अंमलबजावणी

डिजिटल ध्वनी म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेले नमुने. नमुनादर ४४.१ किलोहर्ट्झ असेल, तर त्याच्या निम्मी, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झ, ही त्यात मावणारी सर्वोच्च वारंवारता होय. तिला नायक्विस्ट मर्यादा म्हणतात. जुन्या विद्युतमंडलाचा वक्र मात्र अनंतापर्यंत पसरलेला असतो. तो संगणकात आणण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे द्विरेषीय रूपांतर. त्यात अनंतापर्यंतचा संपूर्ण अक्ष दाबून नायक्विस्ट मर्यादेच्या आत बसवला जातो. कोपरा-वारंवारता आगाऊ दुरुस्ती करून योग्य जागी ठेवता येते, पण तिच्या वरचा भाग आक्रसतो.

घंटाकृती फिल्टरमध्ये याचा परिणाम म्हणून वरची बाजू अरुंद होते. हाय-शेल्फमध्ये परिणाम वेगळा दिसतो. मूळ वक्र अनंतावर जी पूर्ण वाढ गाठतो, ती डिजिटल वक्र २२.०५ किलोहर्ट्झलाच गाठून मोकळा होतो. ८ किलोहर्ट्झ, ६ डेसिबलच्या पहिल्या श्रेणीच्या शेल्फसाठी विद्युतमंडल १६ किलोहर्ट्झवर ४.७७ डेसिबल वाढ देते. ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादरावरील द्विरेषीय रूपांतर मात्र तेथे सुमारे ५.५ डेसिबल देते. २० किलोहर्ट्झवर हेच आकडे ५.१५ आणि ५.९६ असे येतात. उलट ४ किलोहर्ट्झवर वाढ १.२५ वरून सुमारे १.१ डेसिबलवर उतरते. डिजिटल शेल्फ अशा रीतीने मूळ वक्रापेक्षा थोडा उभा होतो आणि वरच्या टोकाला अधिक वाढ देतो. कोपरा १२ किंवा १६ किलोहर्ट्झकडे नेला की फरक वाढतो.

नमुनादर ९६ किलोहर्ट्झ केला की २० किलोहर्ट्झवरील वाढ सुमारे ५.३ डेसिबल होते आणि मूळ वक्राच्या बरीच जवळ येते. यातून एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. ज्या प्लगइनमध्ये या आक्रसण्यावर उपाय केलेला नाही, त्यात ९६ किलोहर्ट्झवर केलेले मिश्रण ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रकल्पात उघडून पुन्हा उतरवले, तर एकही नॉब न हलवता तारस्वर बदलतात.

उपाय अनेक आहेत. काही प्लगइन आतल्या आत नमुनादर दुप्पट किंवा चौपट करून फिल्टर चालवतात आणि मग पुन्हा मूळ दरावर येतात. काहींमध्ये फिल्टरचे गुणांकच असे काढलेले असतात की डिजिटल वक्र नायक्विस्ट मर्यादेपर्यंत विद्युतमंडलाच्या जवळ राहावा. सोफोक्लीस ऑर्फनिडिस यांनी १९९७ मध्ये घंटाकृती फिल्टरसाठी नायक्विस्ट मर्यादेवरील वाढ आधी ठरवून आराखडा करण्याची रीत मांडली. त्या दिशेचे काम पुढे शेल्फपर्यंतही गेले. मात्र आक्रसलेला वक्र चूक आणि न आक्रसलेला बरोबर असा सरसकट निवाडा करता येत नाही. कोणते उपकरण हुबेहूब उतरवायचे आहे हे ठरलेले नसेल, तर तो केवळ वेगळा वक्र आहे.

श्राव्य मर्यादेपलीकडील शेल्फ

काही इक्वलायझरमध्ये कोपरा २० किलोहर्ट्झच्या पुढे ठेवण्याची सोय असते. माग ईक्यू४ या इक्वलायझरचा 'एअर बँड' हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात २.५, ५, १०, २० आणि ४० किलोहर्ट्झ असे पर्याय आहेत. ऐकूच न येणाऱ्या वारंवारतेवर वाढ करण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. उत्तर चढाच्या पायथ्याशी आहे. मध्यबिंदू ४० किलोहर्ट्झ असलेला पहिल्या श्रेणीचा १२ डेसिबलचा शेल्फ २० किलोहर्ट्झवर सुमारे २.७५, १० किलोहर्ट्झवर ०.९ आणि ५ किलोहर्ट्झवर पाव डेसिबल वाढ देतो. प्रत्यक्ष वापरला जातो तो हा लांबलचक, मंद उतार. फळीशी येथे काही देणेघेणे नसते. नॉबवरचा १२ हा आकडा मोठा दिसला तरी कानापर्यंत पोहोचणारी वाढ माफक असते. ही आकडेमोड सर्वसाधारण पहिल्या श्रेणीच्या वक्राची आहे. प्रत्येक उपकरणाचा नेमका आकार निराळा असतो.

मिश्रणातील वापर

हाय-शेल्फचा सर्वाधिक वापर गायन, झांजेसारखी धातूची वाद्ये, अकौस्टिक गिटार आणि संपूर्ण मिश्रण यांवर होतो. मायक्रोफोन जवळ ठेवून मुद्रित केलेला आवाज खर्जाच्या बाजूला झुकलेला असतो. त्याला एक-दोन डेसिबलचा शेल्फ मोकळेपणा देतो. जुन्या, मंद झालेल्या ध्वनिफितीवर मात्र हीच वाढ फितीची खरखर वर आणते, कारण खरखरीची ऊर्जा वरच्या सप्तकांत ठळक असते आणि शेल्फ संगीत व खरखर यांत भेद करत नाही. मूळ मुद्रणात तारस्वर नसतीलच, तर शेल्फ ते निर्माण करू शकत नाही. तेथे मिळते ती फक्त मोठी झालेली खरखर.

गायनाच्या बाबतीत मुख्य धोका ऊष्म व्यंजनांचा असतो. श, ष, स यांची ऊर्जा साधारण ४ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकवटलेली असते. मराठीत त्यांच्या जोडीला 'चमचा', 'जास्त', 'झाड' या शब्दांतील दंत्य उच्चारही येतात. या उच्चारांतही सकारासारखा घर्षणध्वनी असतो, म्हणून तारस्वर वाढवले की मराठी गीतात तोही उठून दिसतो. यावर ऊष्म-नियंत्रक वापरतात. तो शेल्फच्या आधी ठेवावा की नंतर याविषयी निरनिराळ्या पद्धती आहेत. शेल्फच्या नंतर ठेवल्यास तो वाढलेल्या सकारांना पकडतो, आधी ठेवल्यास त्याला वाढीची कल्पना नसते आणि त्याची उंबरठा-पातळी अधिक कडक लावावी लागते. कंप्रेसरच्या बाबतीतही क्रम महत्त्वाचा ठरतो, कारण आधी लावलेला शेल्फ कंप्रेसरला मिळणारा ध्वनीच बदलतो.

संपूर्ण मिश्रणावर लावलेला शेल्फ सर्व वाद्यांना एकदम लागू होतो. अभंगाच्या मुद्रणात गायकाचा आवाज उजळ करण्यासाठी मुख्य पथावर दोन डेसिबल वाढवले, तर टाळही तेवढाच वर येतो, आणि टाळाची ऊर्जा आधीच वरच्या पट्ट्यात असल्याने तोच अधिक जाणवतो. अशा ठिकाणी गायनाच्या पथावर स्वतंत्र शेल्फ लावणे किंवा टाळाच्या पथावर उलटा, घटीचा शेल्फ लावणे श्रेयस्कर ठरते.

हाय-शेल्फच्या निवडीत सर्वाधिक दिशाभूल होते ती पातळीमुळे. वाढीचा शेल्फ लावला की एकूण ध्वनी मोठा होतो, आणि दोन ध्वनींपैकी किंचित मोठा असलेला ध्वनी श्रोत्याला सहसा चांगला वाटतो. इक्वलायझर चालू-बंद करून तुलना करताना चालू असलेली बाजू म्हणूनच जिंकते, मग वक्र योग्य असो वा नसो. उपाय म्हणजे निर्गम-पातळी तितकीच खाली आणून तुलना करणे. अनेक प्लगइनमध्ये त्यासाठी स्वयंचलित सोय असते, पण ती अंदाजावर चालते. तारस्वर कमी असलेल्या ध्वनीवर ती गरजेपेक्षा अधिक घट करते. दुसरे कारण कानाचे आहे. तारस्वरांची कानाला लवकर सवय होते आणि काही मिनिटांत तेच मिश्रण पुन्हा मंद वाटू लागते. आणखी अर्धा डेसिबल, मग आणखी अर्धा, अशी वाढ होत राहते. मिश्रणाशेजारी त्याच प्रकारचे एखादे परिचित, प्रकाशित ध्वनिमुद्रण ठेवून मधूनमधून ऐकण्याची पद्धत याच कारणाने रूढ आहे.

वक्राची तपासणी

एखाद्या प्लगइनचा खरा वक्र त्याच्या पडद्यावरील चित्रावर विसंबून न राहता मोजता येतो. ज्यात केवळ एक नमुना पूर्ण पातळीवर आणि बाकी सर्व शून्य आहेत असा आवेग-ध्वनी प्लगइनमधून उतरवावा आणि मिळालेल्या फाइलचे वर्णपट-विश्लेषण करावे. आलेखात फिल्टरचा प्रतिसाद उमटतो. वेगवेगळ्या नमुनादरांवर हाच प्रयोग केल्यास वरच्या टोकाचे आक्रसणे स्पष्ट दिसते. विद्युतमंडलाचे अनुकरण करणारी काही प्लगइन पातळीनुसार विकृतीही मिसळतात. त्यांच्यासाठी एकच आवेग पुरेसा नसतो आणि दोन-तीन पातळ्यांवर मोजमाप करावे लागते.

दोन प्लगइनची तुलना करायची असल्यास एकच ध्वनी दोन पथांवर ठेवून एकाचे ध्रुवत्व उलटे करतात आणि दोन्ही मिसळतात. वक्र तंतोतंत जुळत असतील तर शांतता उरते. वारंवारतेचा नॉब हळूहळू फिरवत उरलेला ध्वनी कमीत कमी करत नेला, की एका प्लगइनमधील '८ किलोहर्ट्झ' दुसऱ्यातील कोणत्या आकड्याशी जुळतो ते सापडते. एखाद्या प्रसिद्ध मिश्रकाराच्या मांडणीतील आकडे दुसऱ्या प्लगइनमध्ये भरण्यापूर्वी ही चाचणी काही मिनिटांत उरकता येते. ध्वनी पूर्णपणे शांत होत नसेल, तर दोन वक्रांची श्रेणी, गुणांक किंवा कला यांपैकी काहीतरी वेगळे आहे असे समजावे.